कर्ण्यावरचं नाव

माझ्या घरात सध्या एकोणीस जुने स्पीकर आहेत. घर म्हणजे भिवंडीत तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, त्यामुळे बायको हा आकडा पाहुण्यांना सांगते तेव्हा त्यात कौतुक नसतं. पलंगाखाली एका बंद पडलेल्या टॉकीजचे दोन मोठे पंधरा इंची आहेत. कपाटावर जुन्या रेडिओंमधून काढलेले लंबगोल आहेत, आणि गॅलरीत अॅल्युमिनियमचे कर्णे एकात एक घालून ठेवलेत. "एवढे स्पीकर आहेत, पण या घरात माझंच कुणाला ऐकू येत नाही," असं ती म्हणते आणि चहा ठेवायला उठते.

हा छंद मला वळ गावच्या गोदामात लागला. मी तिथे स्टॉकचं काम बघतो. गोदामाच्या मागच्या गल्लीत एक भंगारवाला बसतो. जेवणाच्या सुट्टीत त्याच्याकडे उगाच उभा होतो, तर पत्र्याच्या ढिगात रेडिओतला एक स्पीकर दिसला. कागद फाटलेला, तारा गंजलेल्या. खिशात टॉर्चचा सेल होता. लहानपणी जयंतीच्या मंडपात मशीनवाल्याला करताना पाहिलं होतं तसं मी तो सेल स्पीकरच्या दोन टोकांना लावला. कागद टक् करून पुढे आला. मी सेल काढला, तो मागे गेला. माझ्या जन्माच्या आधीची वस्तू, किती वर्षं पावसापाण्यात पडलेली, आणि तरी तिच्यात जीव होता. तो स्पीकर मी घरी आणला.

मग शिकत गेलो. फाटलेल्या कागदाला पतंगाच्या कागदाचा तुकडा आणि पाण्यात पातळ केलेला गोंद लावायचा, पण जाड नाही, नाहीतर आवाज बसतो. चुंबकाच्या फटीत अडकलेला लोखंडाचा बुका चिकटपट्टीच्या काठाने ओढून काढायचा. तारांना सोल्डरचा डाग देताना श्वाससुद्धा सावकाश घ्यायचा. जुने स्पीकर जमवणाऱ्यांचा फोनवर एक ग्रुप आहे, त्यात मला कुणीतरी घातलं. तिथे एकच धर्म चालतो: वस्तू कारखान्यातून निघाली तशी दिसली पाहिजे. कुणी नंतर रंग मारला असेल तर तो उतरवा, कुणी स्टिकर लावला असेल तर काढा, मूळ रंग शोधा, मूळ स्क्रू शोधा. काम सुरू करण्याआधीचे आणि नंतरचे फोटो टाका. माझ्या फोटोंना तिथे चांगली दाद मिळायची. शाळा-कॉलेजनंतर इतक्या लोकांनी मला शाबासकी देण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि मला ती आवडायची. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात तिचाही हात आहे.

माझं गाव दिघाशी. आई अजून तिथेच राहते. आमच्या घराच्या मागच्या अंगाला मावशीचं घर आहे. ती आईची सख्खी बहीण नाही, पण दोघी बरोबरच एका कारखान्यात कांडी भरायला जायच्या. लूमच्या धोट्यात बसते ती सुताची कांडी. दिवसभर मशीनसमोर उभं राहून रिकामी कांडी लावायची, भरलेली काढायची. आईच्या आणि मावशीच्या उजव्या हाताच्या बोटांवर सुताने कापलेल्या बारीक रेघा आहेत.

मावशीला एकच मुलगा होता. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. आमच्या वस्तीत पहिला दहावी पास झाला तो. तो वस्तीतला पहिला पदवीधर होणार असं सगळे धरून चालले होते. अकरावीला कॉलेजात नाव घातलं आणि त्याच वर्षी काविळीने तो गेला. त्याचं कंपास, त्याचा इंग्रजी-मराठी शब्दकोश आणि त्याच्या दोन पॅंट माझ्याकडे आल्या. मावशीने स्वतः आणून दिल्या. शब्दकोश मला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षापर्यंत पुरला. वस्तीतला पहिला पदवीधर म्हणून माझं नाव घेतात तेव्हा मला ठाऊक असतं की ती जागा आधी दुसऱ्याची होती आणि त्याच्या आईने मला हात धरून बसवलं म्हणून मी तिथे बसलो. या माणसांचे उपकार मी कधी विसरलो नाही. निदान विसरलो नाही असं मी समजत होतो.

मुलगा गेला त्या वर्षी मावशीने विहाराला एक कर्णा दिला. अॅल्युमिनियमचा, मोठ्या तोंडाचा, मागे आवाजाचं काळं युनिट असलेला. तेव्हा विहाराला धड दार नव्हतं, त्यामुळे कर्णा मावशीच्याच घरी, पाण्याच्या हंड्यांशेजारी असायचा. जयंतीला, वर्षावासात, कुणाच्या लग्नाला पोरं तिच्याकडून घेऊन जायची आणि दुसऱ्या दिवशी परत आणून ठेवायची. त्याच्या तोंडाच्या आतल्या बाजूला निळ्या ऑइलपेंटने तिच्या मुलाचं नाव लिहिलेलं होतं. फक्त नाव. मागेपुढे काही नाही. अक्षरं मोठी होती आणि वाकडी. एक वर गेलेलं, दुसरं खाली घसरलेलं, रंग इतका जाड की वाळल्यावर उंचवटे राहिले होते. मला वाटायचं मंडळाच्या कुणा पोराने घाईत लिहिलं असेल.

पुढे विहाराने नवे बॉक्स स्पीकर घेतले आणि कर्ण्याचं काम संपलं. तो मावशीच्या घरातच राहिला.

तीन वर्षांपूर्वी जुना विहार पाडून नवा बांधायला घेतला. आजूबाजूची शेतं गोदामांना गेली, तसे रस्ते उंच झाले आणि जुन्या विहारात पाणी शिरायला लागलं होतं. नवा विहार चांगला झाला. दारातच संगमरवरी फलक लागला, त्यावर मदत करणाऱ्यांची नावं. त्यात मावशीच्या मुलाचं नाव नव्हतं. माझ्या आईने समितीच्या सेक्रेटरींना विचारलं. ते निवृत्त कारकून, माणूस वाईट नाही, पण फलक कोरून झाला होता. ते आईला म्हणाले, मावशीच्या पोराचं नाव कर्ण्यावर आहेच की, तो कर्णाच आपण विहारात दर्शनी भागात लावू, जुनी आठवण म्हणून. आणि तुमचा मुलगा जुने स्पीकर नवे करतो म्हणतात, त्यालाच द्या.

म्हणजे ते नाव विहारात राहायचं तर या कर्ण्यावरूनच राहणार होतं. हे मला नीट कळलं होतं. नकळत झालं असं म्हणायची सोय मला नाही.

कर्णा घ्यायला गेलो तेव्हा मावशीने तो ओल्या फडक्याने पुसून ठेवला होता. तिला आता फार कमी दिसतं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याला डॉक्टर हात लावत नाहीत. कर्ण्याच्या कडेला एक पोचा होता, त्यावर हात ठेवून ती म्हणाली, "ह्यो पोचा ऱ्हाऊ दे. दुसरा पाडू नको." मी म्हटलं, मावशी, मी असा करून आणतो की ओळखणार नाहीस. ती हसली. अक्षरांबद्दल ती काही बोलली नाही. तिला बोलायची गरज वाटली नसणार.

युनिट उघडलं तर आत कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं होतं. डायफ्रामला, म्हणजे आवाज काढणाऱ्या पातळ पडद्याला, तडा गेला होता. तसाच जुना डायफ्राम मिळवायला मला दोन महिने लागले, शेवटी कल्याणच्या एका मंडपवाल्याच्या खोक्यात सापडला. एका रविवारी गच्चीवर कर्णा जोडला आणि माइकमध्ये "हॅलो, एक, दोन, तीन" म्हटलं, तर समोरच्या इमारतीतल्या बाया खिडकीत आल्या. तोच आवाज होता. वंदनेचा, भीमगीतांचा, मी पास झाल्याचं सांगणारा. मला भरून आलं. इथपर्यंत मी काहीच चुकीचं केलं नव्हतं.

मग रंगाकडे वळलो. कर्ण्याला बाहेरून वर्षानुवर्षं कुणीकुणी रंग मारला होता, चंदेरी, त्यावर पांढरा, कुठे गुलालाचे डाग. खाली मूळचा राखाडी, बारीक ठोके मारल्यासारखा दिसणारा कारखान्याचा रंग होता. ग्रुपमध्ये फोटो टाकल्यावर सगळ्यांनी तोच सल्ला दिला, सगळं उतरवा. मी कामाआधीचे अकरा फोटो काढले. कारखान्याची पट्टी, युनिटचे स्क्रू, मागचा ब्रॅकेट, वायरचं बोर्ड. अकराही फोटो मागच्या बाजूने आहेत. आतल्या अक्षरांचा एकही नाही, कारण ती मला जपण्यासारखी वाटलीच नाहीत.

खरं सांगायचं तर मला त्यांची लाज वाटली. उद्घाटनाला बाहेरून भंते येणार होते, अधिकारी येणार होते, बाजूला कोरीव अक्षरांचा फलक असणार होता आणि त्याशेजारी आमच्या वस्तीचं ते वाकडंतिकडं निळं नाव. शाळेत माझ्या अक्षराची वही गुरुजी दुसऱ्या वर्गांत फिरवायचे. वाकडं अक्षर म्हणजे आळस, वाकडं अक्षर म्हणजे अडाणीपणा, हे मी तिथे शिकलो आणि पदवी मिळाली तरी तेवढंच धरून बसलो. मी मनाशी म्हटलं, त्याच्यासारख्या हुशार मुलाचं नाव सुंदर अक्षरात असायला हवं. हे मी त्याच्यासाठीच करतोय, असंही म्हटलं.

अंजूरफाट्याच्या रस्त्याला गाड्यांना रंग मारणारं एक गॅरेज आहे. तिथल्या पेंटरने कर्णा मांडीवर घेऊन फिरवला, आत डोकावला आणि अक्षरांवर अंगठा फिरवत विचारलं, "भाई, ये लिखा हुआ रखना है कि उड़ाना है?"

"उड़ा दो," मी म्हटलं. "नया लिखवाना है."

"अच्छा है. ये तो किसी बच्चे का हाथ लगता है." एवढं म्हणून त्याने ब्रशने रिमूव्हर लावला. निळा रंग सुरकुतला, फुगला आणि पापुद्र्यासारखा सुटून आला. त्याने तो सुताच्या गुंड्याने पुसला आणि गुंडा बाजूला टाकला. नाव उडवायला पाच मिनिटंही लागली नाहीत. मी उभा राहून पाहत होतो आणि खालचा राखाडी रंग शाबूत निघाला म्हणून खूश होत होतो.

मजकूर मी स्वतः लिहून दिला. "कालकथित", म्हणजे आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावाआधी लावतात तो शब्द, मग त्याचं पूर्ण नाव, मग "यांच्या स्मरणार्थ मातोश्रींकडून विहारास सप्रेम भेट". पेंटरच्या ओळखीच्या एका कारागिराने काळ्या रंगात गोलाईत लिहिलं, वर लॅकर मारलं. ओळ कुठे तसूभर हलली नव्हती. ग्रुपवर आधीचे आणि नंतरचे फोटो टाकले. दिवसभर फोन वाजत होता.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी कर्णा घेऊन आधी मावशीकडे गेलो. आई बरोबर होती. मावशी दारात बसून तांदूळ निवडत होती, दिसत नाही म्हणून बोटांनी चाचपून. मी कर्णा तिच्या पुढ्यात ठेवला. तिने आधी पोचा शोधला. सापडला तशी मान हलवली. मग हात आत घातला आणि तोंडाच्या आतल्या बाजूने बोट फिरवायला लागली. एकदा फिरवलं. थांबली. पुन्हा दुसऱ्या बाजूने फिरवलं.

"हितं व्हतं," ती म्हणाली.

"काय मावशी?"

"नाव."

मला वाटलं तिला दिसत नाही म्हणून सापडत नाही. मी तिचं बोट धरून नव्या अक्षरांवर नेलं आणि मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. वाचताना माझा आवाज जरा चढलाच असेल. लॅकरवर तिचं बोट घसरत होतं. वाचून झाल्यावर तिने हात बाहेर काढला. मग म्हणाली, "कालकथित तू लिवलंस?"

"हो मावशी. तसंच लिहितात ना."

"लिवतात," ती म्हणाली. "मी न्हवतं लिवलं."

मला अर्थ लागायला वेळ लागला. मी आईकडे पाहिलं. आई माझ्याकडे पाहत नव्हती. मावशीनेच मग सांगितलं, तांदळाचं सूप मांडीवर घेऊन, हाताने चाळा करत. पोरगा दहावीला होता तेव्हा संध्याकाळी तिला अक्षरं शिकवायला बसायचा. आधी तुझं नाव शिक म्हणाला. ती म्हणाली, माझं नाव कुणाला हवंय, शाळेचे कागद तुझ्या नावाचे येतात, मला तुझं शिकव. तर तिने त्याचंच शिकून घेतलं. ते यायला लागलं आणि तो गेला. बॅंकेत, रेशनला, कारखान्यात तिने आयुष्यभर अंगठाच दिला. कर्णा आणला तेव्हा विहाराच्या खिडक्यांना लावून उरलेला निळा रंग होता. तिने एका रिकाम्या कांडीला सूत गुंडाळलं आणि अख्खी दुपार बसून ते नाव लिहिलं. आयुष्यात तिने लिहिलं ते तेवढंच.

"मना त्येवढंच येत व्हतं," ती म्हणाली.

मी काय बोललो ते मला आठवत नाही. मला कुणी सांगितलं नाही, असं काहीतरी मी आईला म्हणालो असेन, कारण आई जे बोलली ते लख्ख आठवतं. "समद्या बायांना म्हाईत हाय. तू इचारलं व्हतंस कंदी?"

विचारलं नव्हतं. स्पीकरच्या पट्टीवरचा नंबर कोणत्या वर्षाचा आहे हे विचारायला मी अनोळखी माणसांना फोन केले होते. ही अक्षरं कुणाची, हे मागच्या दारी राहणाऱ्या बाईला विचारलं नव्हतं.

उद्घाटन झालं. कर्णा दारालगत भिंतीवर लावला होता. मावशी पांढरं लुगडं नेसून बायांमध्ये बसली होती. सेक्रेटरींनी माझं कौतुक केलं, वस्तीतला पहिला पदवीधर, शिकून आपल्या माणसांना न विसरलेला मुलगा, असं म्हणाले आणि मला पुढे बोलावलं. मी गेलो. पुष्पगुच्छ घेतला. माइक हातात दिला तेव्हा सगळ्यांचे आभार मानले आणि खाली येऊन बसलो. त्या माइकवर खरं सांगता आलं असतं. सांगितलं नाही.

पंधरा दिवसांनी निळ्या ऑइलपेंटचा लहान डबा घेतला. आईच्या जुन्या कारखान्यातून एक लाकडी कांडी मागून आणली, तिला सूत गुंडाळलं आणि मावशीकडे गेलो. म्हटलं, मावशी, पुन्हा लिही. मी कर्णा उतरवून आणतो, वरचं सगळं खरवडतो, तू पहिल्यासारखं लिही. ती बराच वेळ नाही म्हणत राहिली, हात थरथरतो म्हणाली. मग आधी कागदावर बघू म्हणाली. मी जमिनीवर जुनं वर्तमानपत्र अंथरलं. तिने कांडी धरली, रंगात बुडवली आणि कागदाच्या अगदी जवळ वाकली. पहिलं अक्षर काढलं. ते मी ओळखलं, तसंच खाली घसरलेलं होतं. दुसऱ्याची उभी रेघ काढली. मग तिचा हात तसाच वर राहिला. रंगाचे थेंब कागदावर पडत होते.

"म्होरं काय?" तिने मला विचारलं.

मी अक्षर सांगितलं. ते ऐकून तिला काही उपयोग नव्हता. अक्षराचं नाव तिला ठाऊक नव्हतं, हाताला वळण ठाऊक होतं.

"रोज पानी भरताना बोट फिरवायचे ना त्याच्यावरनं," ती म्हणाली. "म्हनून याद व्हतं." तिने कांडी डब्यावर आडवी ठेवली. "तू शिकलेला हायस. तूच लिव."

रागाने म्हणाली नाही. रागाने म्हणाली असती तर मी पाया पडलो असतो. तिने मला कागद उचलायला लावला, रंग जमिनीला लागेल म्हणून, आणि आईसाठी निवडलेल्या तांदळाची पिशवी दिली.

मी घरी प्रयत्न केला. डोळे मिटून, डाव्या हाताने, कांडी उलटी धरून. लहानपणापासून पाहिलेली ती अक्षरं मला आठवायला हवी होती, पण मी ती कधी वाचल्यासारखी वाचलीच नव्हती, नुसती बेढब म्हणून सोडून दिली होती. बायकोने दोन-तीन कागद पाहिले आणि म्हणाली, "हे वाकडं काढायचा प्रयत्न केलेलं दिसतंय." नंतर तिनेच कागद गोळा करून ठेवले, त्याबद्दल पुन्हा काही बोलली नाही.

ग्रुपमधून मी बाहेर पडलो नाही, पण काही टाकतही नाही. स्पीकर अजून नीट करतो, नाही म्हणायला तेवढंच चांगलं येतं. काम सुरू करण्याआधी आता विचारतो की हे कुणाचं होतं, यावर कुणाचा हात फिरलाय. भंगारवाल्याला त्याचं उत्तर कधीच ठाऊक नसतं.

मावशी आता विहारात आली की दारातल्या कर्ण्यापाशी थांबत नाही, सरळ आत जाऊन बसते. बाहेरगावचे पाहुणे मात्र थांबतात. ते नाव त्यांना लांबूनसुद्धा सहज वाचता येतं.